काढून घेतलेली शाल

शाल नातीच्या खांद्यावर घातली आणि परत काढून घेतली. माझ्या डोळ्यांदेखत. मी समोर तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

चिंचवडातलं मंगल कार्यालय. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. आमच्या वॉर्डातले भाऊ दरवर्षी करतात. स्टेजवर खुर्च्या, मागं भाऊंचा मोठा फोटो, टेबलावर शालींचा गठ्ठा आणि नारळ. प्रमुख पाहुणे म्हणून एक सर आले होते. डॉक्टरकीच्या परीक्षेचे मोठे क्लास आहेत त्यांचे. भाऊसुद्धा त्यांच्याशी वाकून बोलत होते.

निवेदकानं पुकारलं, भावी डॉक्टर, कुमारी प्रज्ञा. माझी नात वर गेली. सरांनी शाल उलगडून तिच्या खांद्यावर टाकली. फोटोवाला म्हणाला, इकडं बघा. तेवढ्यात सरांनी हसत विचारलं. माईक तोंडापाशीच होता.

"कुठलं कॉलेज मिळालं बेटा?"

ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं सांग की."

"अजून नंबर नाही लागला सर. क्वालिफाय झालेय."

सरांनी भाऊंकडं बघितलं. भाऊंनी कार्यकर्त्याकडं बघितलं. कार्यकर्त्यानं माझ्याकडं.

"क्वालिफाय तर ढिगानं होतात. तुम्हाला कॅटेगरी आहे ना?"

तिनं मान हलवली.

"कॅटेगरी असून नाही लागला?"

सगळं कार्यालय हसलं. सरांनी शाल तिच्या खांद्यावरून अलगद काढली. राग नाही, काही नाही. खुंटीवरचा टॉवेल काढावा तशी. कार्यकर्त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, ही पुढच्याला होईल. नारळ तिच्या हातातच राहिला. तो कुणी मागितला नाही, आणि तो घेऊन कुठं जावं हे तिला कळेना. मग कुणीतरी सरांना मी दाखवला. सर माईकवरनंच म्हणाले,

"आजोबा, चौकातला तो फ्लेक्स तुमचाच ना? उतरवा आता. डॉक्टर झाली की आपण मोठा लावू."

परत हसणं झालं. मी उभा राहिलो. हात जोडले. आणि मीपण हसलो.

त्या हसण्याचं मला सगळ्यात जास्त लागलंय. सर परके. भाऊ मतांपुरते. मी तर तिचा आजा.

चाकणजवळच्या आमच्या गावात माझा बाप पाटलाच्या ओट्याखाली उभा राहून असाच हसायचा. पाटील बापाच्याच फाटक्या बंडीवर काहीतरी बोलायचा, ओट्यावरचे लोक हसायचे, आणि त्यांच्या मागनं बाप. मी लहान होतो. मनात म्हणायचो, मी असा हसणार न्हाई. चौथीत शाळा सुटली, आईबरोबर बाजारात कांदा निवडायला बसलो, तेव्हाही हेच म्हणायचो. पुढं भोसरीला फौंड्रीत लागलो. युनियनमध्ये होतो. मॅनेजरला तोंडावर बोललोय. सस्पेंड केलं तरी माफी लिहून दिली नाही. वस्तीत मला वाकडा म्हातारा म्हणतात आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं. तोच मी त्या दिवशी बापासारखा हसलो. दात दाखवून.

आता फ्लेक्सचं सांगतो. ते झाकून ठेवलं तर सगळा दोष सरांवर जाईल. सरांचा दोष सरांना पुरेल एवढा आहे, माझा त्यात घालायची गरज नाही.

निकाल लागला त्या दिवशी शेजारच्या पोरानं मोबाईलवर वाचून सांगितलं, क्वालिफाइड. मी विचारलं, म्हणजे पास? तो म्हणाला, पास. बस्स. मला एवढंच पाहिजे होतं. आमच्या कंपनीत ट्रेड टेस्ट असायची. टेम्पररी माणसाची परीक्षा. पास झाला की परमनंट. लगेच बिल्ला, लॉकर, कँटीनची कुपनं. पास होणं आणि जागा मिळणं या दोन गोष्टींच्या मधे आणखी काही असतं, हे मला माहीतच नव्हतं. प्रज्ञा मागनं हाका मारत होती, आबा, थांबा, अजून काही झालेलं नाही. मी गल्लीच्या टोकाला पोचलोसुद्धा होतो.

फ्लेक्सवाल्यानं तिचं तोंड कापून दुसऱ्याच कुणाच्या पांढऱ्या कोटावर बसवलं. कोटातली बाई अंगानं भरलेली, आमची पोर काडी. मान कोटातनं उगवल्यासारखी दिसत होती. गळ्यात डॉक्टरची नळी. खाली आमच्या वस्तीचं नाव, आणि 'भावी डॉक्टर' एवढ्या मोठ्या अक्षरात की ते पलीकडच्या रस्त्यावरनं वाचता यावं. माझा फेट्यातला फोटो तो कोपऱ्यात टाकत होता. मी म्हणालो, कोपऱ्यात नको, तिच्या बरोबरीनं टाक. त्यानं टाकला.

विहारासमोरच्या चौकात तो लागला. बायका घरी येऊन सुनेला पेढे मागू लागल्या. लोक वाटेत थांबवून म्हणायचे, आबा, नाव काढलं पोरीनं. मी ताठ चालायचो. प्रज्ञा बसस्टॉपला जायला मागची गल्ली धरायची, गटाराच्या कडेकडेनं. मला वाटलं, लाजते.

पहिली यादी लागली. दुसरी लागली. ती मला समजावून सांगायची की आबा, या मार्कांना सरकारी कॉलेज मिळत नाही, कॅटेगरीतून पण नाही, तिथं पण पोरं खूप पुढं आहेत. मी म्हणायचो, रांगेत उभं राहिलं की नंबर येतो. महापालिकेची गाडी मोठ्या रस्त्यावरचे फ्लेक्स काढून नेते, आमच्या चौकात ती वळत नाही. त्यामुळं आमचा तसाच राहिला. पावसानं आणि उन्हानं तिचं तोंड पिवळं पडलं, तरी राहिला. आणि सत्काराला तिचं नाव भाऊंच्या ऑफिसात जाऊन मीच दिलं.

म्हणजे तिला स्टेजवर मीच चढवलं. हे धरून पुढचं ऐका.

कार्यालयातनं निघालो. बसमध्ये ती खिडकीशी बसली, मांडीवर नारळ. घरी सुनेनं काही न विचारता नारळ फोडला आणि चटणी केली. सगळ्यांनी खाल्ली.

माझा मुलगा, प्रज्ञाचा बाप, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. फर्स्ट शिफ्ट करून संध्याकाळी आला. त्याला सगळं वस्तीतनंच कळलं होतं. त्यानं पायातले बूट काढता काढता विषय काढला. प्रज्ञाला नर्सिंगला सरकारी कॉलेज लागलं होतं. शनिवारपर्यंत जाऊन पक्कं करायचं होतं. नाही केलं तर जागा गेली. डॉक्टरकीची परीक्षा परत द्यायची तर ती जागा सोडून वर्षभर घरी बसायला लागणार. मुलगा म्हणाला, नर्सिंग घे, पायावर उभी राहा, डॉक्टर म्हणजेच माणूस असतो का? बरोबर बोलत होता. मला ते तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, न्हाई. परत बसायचं. आणि त्याच सरच्या क्लासला जायचं. त्याच्याच क्लासात पहिलं यायचं आणि त्याच्याच हातनं शाल घ्यायची.

मुलगा म्हणाला, "आबा, अभ्यास कोण करणार? तुमी का ती?"

मला बोलायचा नाद. मी म्हणालो, आमच्या फौंड्रीत रिजेक्ट झालेला माल फेकून देत न्हाईत. परत भट्टीत टाकतात, वितळवतात, परत ओततात. दुसऱ्या वेळी चांगला निघतो. मला वाटलं, मी तिला धीर देतोय.

प्रज्ञा भाजी निवडत होती. हात थांबवले आणि म्हणाली, "मी माल नाहीये, आबा."

आवाज चढवला नाही. उठली आणि पडद्यामागं गेली. आमच्या घरात आत जाणं म्हणजे पडद्यामागं जाणं. तिथनं तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा ऐकू येतो. आम्ही सगळे तो ऐकत बसलो.

मी रुसलो. म्हातारा माणूस रुसतो ते वाईट दिसतं, पण मी रुसलो. कुणाशी बोललो नाही. जेवायचं ताट घेऊन उंबऱ्यावर बसलो. दुसऱ्या दिवशी ती नळाचं पाणी भरायला निघाली, आणि माझ्यापाशी हंडा खाली ठेवून उभी राहिली.

"माझ्यानंतर शाल कुणाला दिली, बघितलं का?"

बघितलं होतं. गोरा, चष्मेवाला पोरगा. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती, भाऊंनी हार घातला होता. टाळ्या खूप झाल्या. तीच शाल, जी हिच्या खांद्यावरनं काढली.

ती म्हणाली की तो तिच्याच कॉलेजातला आहे, वर्गात पुढच्या बाकावर बसायचा, आणि सरांच्याच क्लासला जायचा. त्याचे मार्क तिच्यापेक्षा कमी आहेत. तोही नुसता क्वालिफायच झालाय. पण त्याच्या वडिलांची चाकणला कंपनी आहे, त्यांनी फी भरून प्रायव्हेट कॉलेजात जागा घेतली. आता तो डॉक्टर होणार. हे सगळं तिनं असं सांगितलं, जसं उद्या पाणी उशिरा येणार म्हणून सांगावं.

मी विचारलं, "मार्क कमी, तरी डॉक्टर? मग त्याला कुनी का हसलं न्हाई?"

"ती पण कॅटेगरीच आहे, आबा. फक्त तिला कुणी हसत नाही."

हंडा उचलून गेली.

मी उंबऱ्यावर बसून राहिलो. म्हणजे क्वालिफाय झालेला माणूस डॉक्टर होतो. मी फ्लेक्सवर लिहिलेलं एवढं काही चुकीचं नव्हतं. फक्त ते ज्या घरांत खरं होतं त्या घरांतलं आमचं घर नव्हतं. हे कळलं आणि मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. उलट जास्त लाज वाटली. एवढं वय झालं, एवढे मोर्चे काढले, आणि ही गोष्ट मला पोरीनं हंडा हातात धरून सांगायला लागली.

तरी माझी खोड गेली नाही. त्याच दुपारी कुणाला न सांगता सरांच्या क्लासला गेलो. नाव घालायलाच गेलो होतो, भांडायला नाही. हे पण सांगतो.

मोठी इमारत. काचेचं दार, आत गार. भिंतीवर पोरांचे फोटो, प्रत्येकाखाली मार्क. सरांनी मला ओळखलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका, स्टेजवर थोडी गंमत करावी लागते, लोकांना कंटाळा येतो. मी म्हणालो, नातीला परत बसवायचंय. त्यांना आनंद झाला. खरोखर झाला, मला खोटा वाटला नाही. मग म्हणाले,

"तुमच्या मुलांसाठी आपण वेगळी बॅच ठेवलीय. मागच्या जिन्यानं वर. तुमचं कटऑफ खाली असतं, मग सगळा सिलॅबस कशाला डोक्यात कोंबायचा? तुम्हाला लागतं तेवढंच करून घेतो."

माझे हात जुळायला निघाले होते. खरं सांगतो, निघाले होते. मांडीवरनं उचलले गेले होते.

आणि मला गावची शाळा दिसली. आम्हाला दाराशी बसवायचे, तरटावर. दाराच्या चौकटीआडून फळा अर्धाच दिसायचा. मी एकदा उठून म्हणालो होतो, गुरुजी, डावीकडचं दिसत न्हाई. गुरुजी माणूस वाईट नव्हता. तो पण हसूनच म्हणाला होता, तुला तेवढा पुरे. मी अर्ध्या फळ्यावरनं शिकलो. अर्धी बेरीज, अर्धी कविता. म्हणून चौथीच्या पुढं गेलो नाही. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की गरिबीनं शाळा सुटली. गरिबी होतीच. पण मला शाळा यायची नाही, आणि ती का यायची नाही हे मी कधी तोंडातनं काढलं नव्हतं. स्वतःपाशीसुद्धा. मला वाटायचं, माझं डोकंच अर्धं.

हात मी परत मांडीवर ठेवले.

"सर, त्या चष्म्याच्या पोराला कुटल्या जिन्यानं शिकवलं?"

"कोण?"

"ज्याला माझ्या नातीची शाल दिली. मार्क तिच्याहून कमी हायेत त्याचे."

"आजोबा, तो विषय वेगळा आहे. त्यांची ॲडमिशन झालीय."

"कमी मार्कात झाली. मग हसला तिला कशाला?"

सर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मी तुम्हाला मदतच करत होतो असं म्हणाले, आणि बेल दाबली. शिपाई पुढच्या पालकांना घेऊन आत आला. म्हणजे माझ्या बोलण्यानं तिथं काही हललं नाही. मी उठलो. पाणी तसंच टेबलावर ठेवलं. माझं तोंड हसायला गेलं नाही, एवढंच त्या दिवशी माझ्या बाजूला जमा.

बाहेर पडलो आणि इमारतीला वळसा घालून मागं गेलो. जिना होता. लोखंडी, अरुंद, खाली जनरेटर. पोरं पाठीला दप्तरं लावून चढत होती. त्यातली काही आमच्या वस्तीतली. एक पोरगी थांबून म्हणाली, "आबा, प्रज्ञाताई येणार का आमच्यात?" तिचा चेहरा खुशीचा होता. मी म्हणालो, वर जा, उशीर होईल.

घरी आलो. प्रज्ञाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. क्लासला गेलो, न विचारता गेलो, काय बोलणं झालं ते. आणि मग ते पण सांगितलं जे सांगायला जीभ रेटत नव्हती. म्हणालो, त्या दिवशी सगळे हसले तवा मी पण हसलो.

ती म्हणाली, "बघितलं मी."

एवढंच. स्टेजवरनं तिनं मलाच बघितलं होतं. सरांना नाही, भाऊंना नाही.

मग विचारलं, जे निकालाच्या दिवशी विचारायला पाहिजे होतं.

"तुला काय करायचंय?"

ती म्हणाली, परत बसायचंय. मी म्हणालो, सरला दाखवायला? ती म्हणाली, नाही. त्यांना काय दाखवायचं, ते बघणार पण नाहीत. तिचं जीवशास्त्र चांगलं गेलं होतं, रसायन बरं गेलं होतं, फिजिक्समध्ये ती आपटली होती. अकरावी-बारावीला त्या विषयाला कॉलेजात धड मास्तर नव्हता.

"फिजिक्स मला येत नाही हे मलाच सहन होत नाही, आबा. एकदा मला ते पूर्ण समजून पेपर द्यायचाय. मग जे होईल ते."

ती महापालिकेच्या अभ्यासिकेत बसणार होती. क्लासला नाही. तिथं संध्याकाळी कॉलेजची पोरं एकमेकांना शिकवतात. नर्सिंगची जागा सोडणार होती, आणि सोडताना काय सोडतोय हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मुलगा चिडला. म्हणाला, हातातलं सोडतेस. तो आठवडाभर तिच्याशी नीट बोलला नाही. अजूनही ताटावर बसला की गप्प असतो. त्याची भीती खोटी नाही. शनिवार गेला, जागा गेली.

तिनं मला अटी घातल्या. घरात डॉक्टर हा शब्द काढायचा नाही. नंबर नाही लागला तर ती पुढच्या वर्षी नर्सिंगला जाईल, मिळेल तिथं, आणि तेव्हा मी तोंड पाडून उंबऱ्यावर बसायचं नाही. मी हो म्हणालो. शेवटची अट अशी की तिचं नाव पुढं करून मी कुणाशी भांडायचं नाही. इथं मी अडलो. भांडण सोडलं तर माझ्याकडं राहतं काय? पण तिनं नजर हलवली नाही. माझाच वाण. हो म्हणालो.

फ्लेक्स मी दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवला. सर म्हणाले होते म्हणून नाही. तिला बसस्टॉपला सरळ रस्त्यानं जाता यावं म्हणून.

मग मी वस्तीत फिरायला लागलो. ज्यांची पोरं त्या मागच्या जिन्यानं जातात त्यांच्या घरी. त्यांना सांगितलं, तुमच्या पोरांना अर्धंच शिकवतात. एकानं दार लावून घेतलं. एक जण फौंड्रीतल्या माझ्याच खात्यातला. तो म्हणाला, "आबा, तेवढं तरी मिळतंय. तुमच्या वाकडेपणापायी तेवढं बी घालवू नका." मी चिडलो नाही. माझेपण हात त्या टेबलापाशी निम्मे वर आले होते, मी कोणत्या तोंडानं चिडू? एका विधवा बाईनं मात्र दारात उभं राहून सगळं ऐकलं. तिची पोरगी त्या बॅचला आहे. तिनं विचारलं, मग काय मागायचं ते सांगा. मी येते.

येत्या रविवारी क्लासात पालकांची सभा आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. मी जाणार. ती बाई पालक म्हणून पुढं, मी तिच्या मागं. प्रज्ञाचं नाव माझ्या तोंडातनं निघणार नाही. तिचा पेपर तिचा आहे, तो तिनं स्वतःसाठी लिहायचा. माझं भांडण तिच्या पाठीवर लादून मी तिला परीक्षेला धाडणार होतो, ते मी खाली उतरवून घेतलंय. आता ते माझ्या नावानं होईल. पुरा सिलॅबस. पुढचा जिना. सगळ्यांना एकच वर्ग. तीन मागण्या आहेत. पहिल्या दिवशी हाकलतील. मी दुसऱ्या दिवशी परत जाईन.